उसनं पाणी

परदेशात शिकून आलेल्या मुलीला नोकरीची काय ददात, असं २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी आलेला प्रत्येक जण म्हणत होता. मी डेल्फ्टहून नुकतीच परतले होते. नेदरलँड्समधल्या त्या लहानशा शहरात आयएचई नावाची संस्था आहे, १९५७ साली निघालेली, फक्त पाण्याच्या अभ्यासाला वाहिलेली. आशिया-आफ्रिकेतल्या सरकारी खात्यांमधले अभियंते तेव्हा तिथे यायचे, दीड वर्षात पदवी घ्यायचे आणि आपापल्या खात्यात परत रुजू व्हायचे. माझ्या वर्गातल्या इथिओपियाच्या, केनियाच्या, नेपाळच्या सोबत्यांच्या जागा घरी राखलेल्या होत्या. मी एका लहान सर्वेक्षण कंपनीतलं काम सोडून गेले होते, आणि मी परत येईपर्यंत ती कंपनी बंद पडली होती.

पदवीनंतर वर्षभर नोकरी शोधत राहण्याची मुभा डच सरकार देतं. माझ्याबरोबरच्या काही जणांनी ती घेतली. मी घेतली नाही. त्या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. शेतात दोन-तीन फुटांवर पाणी असतं आणि ते काढून टाकणं हीच तिथली खटपट. शेतकऱ्यांनी त्यासाठी तेराव्या शतकापासून जलमंडळं चालवली आहेत, निवडणुका घेऊन, पट्टी गोळा करून. हे सगळं पाहताना मला आदर वाटायचा आणि सारखा मराठवाडा आठवायचा. पाणी हटवणारे हात तिथे पुष्कळ होते. माझे हात घरी लागतील, अशी माझी खात्री होती.

घरी मात्र कुणाला ते लागत नव्हते. सरकारी जाहिरातींत ‘एम.एस्सी. (भूशास्त्र)’ असं लिहिलेलं असायचं. माझ्या पदवीवर दुसरंच नाव. मग दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचा दाखला आणा, मूळ गुणपत्रकं द्या, अभ्यासक्रमाची प्रत द्या. तोवर अर्जाची मुदत उलटलेली. एका कार्यालयातल्या मुलाखतीत तीन अधिकाऱ्यांनी आळीपाळीने एकच विचारलं: परत का आलात? त्यांच्या स्वरात कुतूहल नव्हतं, संशय होता. तिकडे काहीतरी बिनसलं असणार, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं. खासगी सल्लागार कंपन्यांना इथल्या खडकातला अनुभव हवा होता, आणि माझा प्रबंध होता वाळूवर.

शिष्यवृत्तीत जे भागलं नव्हतं त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं होतं. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांतलं जे आधी येईल तेव्हा हप्ता सुरू, असा नियम. चार लाखांच्या वरच्या कर्जाला तेव्हा त्रयस्थ जामीन लागायचा. साताऱ्याकडचे माझे मामा जामीन राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, स्वतःच्या घराचं बांधकाम अर्धवट. बँकेत त्यांनी सगळी पानं सावकाश वाचली आणि प्रत्येक पानावर सही केली. मी बेकार होते त्या महिन्यांत मामांचा फोन दर आठवड्याला यायचा. त्यांनी पाऊसपाणी विचारलं, आईची तब्येत विचारली, डेल्फ्टच्या कालव्यांबद्दल विचारलं. नोकरीचा शब्द एकदाही काढला नाही. त्या न काढलेल्या शब्दाने मला किती आधार दिला, हे मी त्यांना अजून नीट सांगू शकलेले नाही.

पुण्यातले एक निवृत्त प्राध्यापक दोन खोल्यांत भूजलाचं काम करणारी संस्था चालवत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. एका मैत्रिणीने पत्ता दिला म्हणून गेले. सरांनी माझा प्रबंध ठेवून घेतला, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. सगळा वाचलेला होता, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणाले, “काम चांगलं आहे. आता यातलं जालन्यात काय चालतं, ते बघून ये. पगार फार देता येणार नाही. सोमवारपासून ये.” प्रकल्पाला मंजुरी आली आहे का, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

जालना जिल्ह्यात सरासरी पाऊस ६५० ते ७५० मिलिमीटर. त्या वर्षी तो नुसता तोंड दाखवून जात होता. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दहा-बारा वर्षं पोरासारख्या जपलेल्या झाडांवर लोकांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवली. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडावं की नाही यावर वर्तमानपत्रं भरून वाहत होती. खेड्यांत मात्र टँकर किती वाजता येणार, एवढीच चर्चा होती.

माझं काम होतं अशाच एका गावात. तिथे मी ज्या घरी राहिले त्या घरातल्या वहिनीबद्दल लिहिताना माझा हात थबकतो, कारण तिचं माझ्यावरचं देणं लिटरमध्ये मोजता येतं. टंचाईच्या काळात टँकरचं पाणी दर माणशी दिवसाला २० लिटर धरतात, आणि टँकरच्या खेपा गावच्या लोकसंख्येवरून ठरतात. त्या लोकसंख्येत मी नव्हते. टँकर गावच्या विहिरीत ओतायचा, बायका दोर-बादल्या घेऊन काठावर दाटी करायच्या, आणि वहिनी आणायची ते पाणी तिचा नवरा, सासू, दोन मुलं आणि ती यांच्या वाट्याचं होतं. नवरा जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात पाळीने जायचा. भट्टीपुढे आठ तास काढून आलेल्या माणसाला पाणी किती लागतं, याचा हिशेब मला करता येत होता. ते माझं शिक्षणच होतं.

मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, माझ्यासाठी जालन्याहून जार आणते. वहिनी म्हणाली, “मापाचं पाणी आहे ताई. मापातच तुमचंबी बसवलं.” पुढे हा विषय तिने बंदच केला. अंगणात दोनशे लिटरची दोन टिपाडं होती, त्यांवर जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधलेलं. अंघोळ बाजेवर बसून, खाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात कपडे, कपड्यांचं पाणी गोठ्यातल्या जमिनीवर मारायला. माझ्या अंघोळीची बादली ती अर्धी भरायची. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की तिची स्वतःची बादली पाव असते. हे कळल्यावर मी एक दिवसाआड अंघोळ करू लागले, तर तिने सासूबाईंना पुढे केलं. म्हातारीने मला समोर बसवून सांगितलं की उन्हातून विहिरीत उतरून आलेल्या लेकीने बिनअंघोळीचं जेवायला बसायचं नाही, या घरात ते चालत नाही.

ज्या विद्येसाठी मी सात समुद्र ओलांडले तिचा विषय पाणी, आणि ती विद्या वापरण्याइतकी मी उभी राहिले ती दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्यावर. मला तरी यापेक्षा मोठं ऋण सुचत नाही.

आता नाना. गावाच्या वेशीबाहेर वडारांची दहा-बारा घरं. नाना त्यांतले सर्वांत वडीलधारे, सत्तरीतले, डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगात गेलेली. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी खोदलेल्या. माझं काम होतं गावातली प्रत्येक विहीर नोंदवणं: व्यास, खोली, पाण्याची पातळी, कुठल्या थरात पाणी लागलं. लोक विहिरीजवळ येऊ देत नव्हते. परकी मुलगी फीत घेऊन विहीर मोजते म्हणजे मीटर लागणार, नाहीतर कर लागणार. त्यांचं चुकत नव्हतं. मोजायला आलेल्या माणसांनी त्यांना आजवर काही दिलेलं नव्हतं. सरपंचांच्या सांगण्यावरून नाना माझ्याबरोबर यायला लागले आणि बांधाबांधावरची कुंपणं उघडली. “माझी माणूस आहे,” एवढंच सांगायचे. मला ओळखून जेमतेम चार दिवस झाले होते.

विहिरीच्या भिंतीकडे पाहायला मला नानांनी शिकवलं. माझ्याजवळ होकायंत्र होतं, हातोडी होती, नकाशे होते. कठड्यावर बसून मी वही उघडली की ते म्हणायचे, “कागद राहू दे गं बाई. आधी खाली चल.” लोखंडी कड्यांवरून ते पुढे उतरायचे, पाय कुठे ठेवायचा ते खालून सांगायचे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, मग मांजऱ्या, मध्येच कुठे हातभर जाडीचा तांबडा गेरू. पुस्तकात मी वाचलं होतं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि हे दख्खनचं पठार झालं, की दोन थरांमधल्या उसंतीत तयार झालेली माती वरच्या लाव्ह्याने भाजली म्हणून लाल झाली. नानांना कोटींची वर्षं ठाऊक नव्हती. कुठल्या थरावर पहारीचा आवाज कसा येतो, ते ठाऊक होतं. पाषाणावर हात आपटून म्हणायचे, “हा नुसता दरडावतो, देत काय नाही. चीर असली तरच देतो.” आणि मांजऱ्याच्या बारीक भोकांवरून, पांढऱ्या खड्यांवरून बोटं फिरवत, “ह्याच्यात पाणी खेळतं.”

डच वाळूत शंभर घनमीटर धरले तर वीस-पंचवीस घनमीटर पाणी सुटतं. आमच्या खडकात एक ते तीन. हा फरक आकड्यात मला येत होता, पण कुठल्या विहिरीत एक आणि कुठल्या विहिरीत तीन, हे सांगणारं पुस्तक नव्हतं. डेल्फ्टमध्ये आम्ही पंपिंग चाचणीसाठी थाइस यांचं १९३५ सालचं समीकरण शिकलो होतो. ते गृहीत धरतं की पाण्याचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा, सगळ्या दिशांना सारखा आणि अमर्याद पसरलेला आहे. नानांच्या विहिरीत दर दहा फुटांवर खडक बदलत होता. शिवाय विहीर आठ-नऊ मीटर रुंद. मोटार सुरू केल्यावर पहिला बराच वेळ विहिरीत साठलेलंच पाणी निघतं, खडकाने अजून काही दिलेलंच नसतं. या अडचणीवर पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये उत्तर काढलंय. ते मी पुन्हा पुन्हा वाचत होते, पण वीज सलग राहत नव्हती, आणि तेवढा उपसा करायला विहिरीत पाणीही नव्हतं.

नाना म्हणाले, उपसायचं कशाला, भरताना बघ. संध्याकाळी मोटार बंद झाली की ते पाण्यालगत भिंतीवर चुन्याची रेघ ओढायचे. पहाटे, कुणी मोटार सुरू करायच्या आत, आम्ही जाऊन पाणी रेघेच्या किती वर आलं ते पाहायचो. कुठल्या बाजूची भिंत ओली आहे, कुठला झरा आधी सुटला, तेही ते कंदिलाच्या उजेडात दाखवायचे. हीच पद्धत स्लिक्टर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०६ साली सूत्रात मांडलेली आहे, आणि आपल्याकडे उघड्या विहिरींसाठी ती अजून वापरतात. नानांकडे ती वडिलांकडून आली होती. मी त्यांच्या रेघांवर घड्याळ आणि फीत ठेवली, एवढीच माझी भर. मग आकडे जमू लागले, आणि सरांना पाठवलेल्या माझ्या अहवालात पहिल्यांदा जालन्याचा खडक दिसू लागला.

संस्थेने नानांना मजुरी देऊ केली. विहिरीत उतरण्याची मजुरी त्यांनी घेतली. सांगण्याची घेतली नाही.

एक गोष्ट मला फार दिवस सलत राहिली. नानांचं काम गेलं ते बोअरच्या मशीनमुळे. साठच्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये खडक फोडणारं मशीन आलं, ते पाहायला आपण चालत गेलो होतो, असं ते सांगायचे. त्या बोअरवर बसवायला मिशनमध्येच पोलादी हातपंप तयार झाला, त्यात सोलापुरात सुधारणा झाली आणि त्यावरूनच पुढे इंडिया मार्क टू आला, जो आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही दिसतो. ज्या इथिओपियन मैत्रिणीने मला डेल्फ्टमध्ये त्या पंपाचा फोटो दाखवला होता, तिला त्याचं मूळ गाव जालना आहे हे मी नानांकडून ऐकल्यावर कळवलं. प्यायच्या पाण्यासाठी त्या बोअरने लाखो बायकांची पायपीट वाचवली, हे नानाही म्हणायचे. पुढे शेतीसाठी दोनशे, तीनशे, पाचशे फुटांच्या बोअर झाल्या. वडारांच्या टोळीला यारी लावून, सुरुंग उडवून जे काम करायला दोन हंगाम लागायचे, ते मशीन एका रात्रीत करू लागलं. आणि मशीन कुठे लावायचं याची खूण करणारे आम्ही, भूजलवाले. “तुमच्यातला माणूस खूण करतो, अन् रातीतून मशीन येतं,” असं नाना एकदा म्हणाले. चिडून नाही, पाऊस कुठल्या बाजूने येतो हे सांगावं तसं. ज्या विद्येने त्यांचा धंदा मोडला, तीच विद्या शिकून आलेल्या मुलीला त्यांनी आपल्याजवळचं सगळं उघडून दिलं.

आमच्या नोंदींतून निघालेली गोष्ट साधी होती. गावातल्या बहुतेक विहिरी एकाच मांजऱ्याच्या थरात उभ्या होत्या, आणि वरच्या अंगाला झालेल्या नव्या बोअर तोच थर रिकामा करत होत्या. म्हणजे पाणी सगळ्यांचं एकच होतं, सातबारे वेगळे. ग्रामसभेत मी नकाशा लावला. लोकांनी प्रश्न मला विचारलेच नाहीत, नानांना विचारले. नाना भिंतीवरच्या रंगीत पट्ट्यांवर काठी ठेवून, कुणाची विहीर कुठे ओली ते सांगत गेले. माझ्या व्यवसायातला सर्वांत अभिमानाचा दिवस मला तोच वाटतो. त्या वर्षी गावाने उन्हाळी पिकं घ्यायची नाहीत आणि दोन वर्षं नवं बोअर मारायचं नाही, असं ठरवलं. पहिलं बरंचसं पाळलं गेलं, दुसरं अर्धवट.

२०१३ चा पाऊस बरा झाला. त्या अहवालावर प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि मी कायम झाले. मामांच्या जामिनकीतलं माझं कर्ज हप्त्या-हप्त्याने फिटलं.

प्रकल्प मंजूर नव्हता तेव्हाचा माझा पगार कुठून येत होता, ते मला बऱ्याच वर्षांनी संस्थेच्या हिशेबनिसांनी सांगितलं. सर पीएच.डी.चे प्रबंध तपासायचे, बाहेर व्याख्यानांना जायचे; त्याचं मानधन ते माझ्या नावे जमा करायला सांगायचे. कमी पडलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भर घातली. मी सरांकडे विषय काढला तर त्यांना तो मुळीच आवडला नाही. “तुझ्या प्रबंधात एक आलेख चुकलेला होता, तो दुरुस्त केलास का?” असं विचारून त्यांनी मला गप्प केलं. मी तो केव्हाच दुरुस्त केला होता. पण त्यांना ते पाहायचं होतं, म्हणून छापून नेऊन दाखवला.

वहिनीची मुलगी पुढे नर्सिंग शिकायला पुण्यात आली. हॉस्टेल मिळेपर्यंत आमच्याकडे राहिली. वहिनी तिला सोडायला आली ती ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि लिंबाचं लोणचं घेऊन. मुलीने आमच्याकडचं काही खाल्लं तर तेवढं आधीच पोचतं व्हावं, अशा बेताने. तिच्या घरचं फेडण्याची संधी ती मला देणार नाही, हे मला तेव्हा समजलं.

नानांनी मात्र माझ्याकडे एक मागणं केलं होतं, आयुष्यातलं एकच. त्यांचा नातू बारावी झाला होता. हुशार पोर, आमच्याबरोबर विहिरीत उतरायचा, चुन्याच्या रेघा तोच ओढायला लागला होता. “तुझ्या कामात त्याचं काही होतंय का बघ,” म्हणाले. मी बघितलं. आमच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात भूशास्त्रज्ञाचं पद होतं, अभियंत्याचं होतं, संगणक चालवणाऱ्याचं होतं. विहिरी वाचणाऱ्या माणसाचं नव्हतं, आणि पदासाठी पदवी लागत होती. देणगीदारांना पत्रं लिहिली, सरांनीही लिहिली. रोजंदारीच्या पलीकडे काही निघालं नाही. ज्यांच्या शिकवण्यावर मला नोकरी लागली, त्यांच्या घरात मी एक नोकरी नेऊ शकले नाही. नातू चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. २०१७ मध्ये नाना गेले. त्यांचं ते मागणं माझ्याकडे तसंच राहिलं.

या वर्षीच्या नव्या प्रकल्पात क्षेत्र-सहायकाचं पद आम्ही घालून घेतलं आहे: तीन वर्षांचं, भविष्यनिर्वाह निधीसह. पात्रतेत पदवीची अट नाही. उघड्या विहिरींतले थर ओळखण्याचा अनुभव हवा, असं मी स्वतः लिहिलं आहे, आणि देणगीदारांशी त्या एका वाक्यासाठी दोन बैठका भांडले आहे. जाहिरात निघाल्यावर मी नातवाला फोन केला. त्याचं लग्न झालंय, चाकणला भाड्याची खोली आहे, कारखान्यात ओव्हरटाइम धरून पगार आमच्यापेक्षा थोडा जास्तच पडतो. तीन वर्षांनी काय, हे त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. बायकोशी बोलतो, मुकादमाला विचारतो, आणि रविवारी कळवतो म्हणाला.